धातुभूमीवरील अमूर्त निसर्गचित्र

निसर्गाच्या छायाचित्रांतील आकार व छटा वेचून धातूचा वर्ख किंवा धातुरंग लावलेल्या पृष्ठावर केलेली अमूर्त रचना. या पद्धतीचा कस पाहण्यास जबलपूरजवळील भेडाघाट योग्य आहे. नर्मदाकाठचे संगमरवरी कडे ऊन, ढग व चांदण्यानुसार रंग पालटतात; छायाचित्र त्यातला एकच क्षण टिपते. धातूची भूमी प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे पाहणारा हलला की चित्राचा उजेडही बदलतो आणि छायाचित्रातून निसटलेली चंचलता परत येते.

ही चमक केवळ शोभेची, असा आक्षेप घेतला जातो. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभी जपानी चित्रकार ओगाता कोरिन यांनी आयरिस फुलांच्या पडद्यांवर पाणी व जमीन गाळून तिथे सोनेरी वर्खच ठेवला. तिथे धातू हाच अवकाश होतो. मंडला जिल्ह्यात १९२२ मध्ये जन्मलेले चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी निसर्गापासून अमूर्ताकडे जाताना मुख्यतः रंगांवरच भिस्त ठेवली, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावरून धातू अनिवार्य नाही, एवढेच सिद्ध होते. बदलता प्रकाश हाच विषय असेल, तिथे धातूचा वापर समर्थनीय ठरतो. चांदीचा वर्ख हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडतो; म्हणून रुपेरी भूमीसाठी ॲल्युमिनियमचा वर्ख अधिक टिकाऊ होय.