साक्षीचा मजकूर

दिवा–पनवेल लोहमार्गावरील एका स्थानकाच्या पाटीवर ‘तळोजे पाचनंद’ असे नाव रंगविलेले आहे, आणि त्याच परिसरातील दुसरे गाव महसुली दप्तरात ‘मौजे तळोजे मजकूर’ म्हणून नांदते. मजकूर म्हणजे उपरिनिर्दिष्ट, ज्याचा जिक्र होऊन गेला आहे असे. कुण्या कारकुनाने लेखणीच्या सोयीसाठी लावलेले हे बिरूद गावाला जे चिकटले, ते भोवती रासायनिक कारखाने उभे राहिले, मध्यवर्ती कारागृह आले, भातखाचरांच्या जागी सात-सात मजल्यांच्या इमारती उठल्या, तरी सातबाऱ्यावरून हलले नाही. अशाच एका इमारतीच्या तळमजल्यावर, दुकानासाठी बांधलेल्या पण दुकान न चाललेल्या गाळ्यात, एका रविवारी सकाळी ख्रिस्ती उपासनेला मी जाऊन बसलो होतो. गायने झाली, ढोलकी थांबली, आणि पाळक म्हणाले, ‘‘आता कुणाला साक्ष द्यायची असेल त्यांनी पुढे यावे.’’

साक्ष हा शब्द काही मिशनऱ्यांनी आपल्याला शिकविलेला नाही. स + अक्ष, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा तो साक्षी, ही व्युत्पत्ती जुनीच. आणि पेशवाईतील न्यायाची रीत पाहिली तर वादी-प्रतिवादींकडून तकरीर (म्हणजे जबानी) लिहून घ्यावी, वतनाचा तंटा असेल तर पिढ्यांचा करीना (म्हणजे साद्यंत हकिगत) मागवावा, गोही-साक्ष तपासावी, गोतसभेपुढे महजर (म्हणजे निवाडापत्र) करावा, आणि इतके होऊनही सत्य हाती न लागल्यास उकळत्या तेलातून रवा काढण्याच्या दिव्यापर्यंत जावे, असा तिचा क्रम होता. आपल्या आयुष्याचा करीना चारचौघांपुढे मांडणे आणि त्यासाठी दिव्याला तयार असणे या दोन्ही गोष्टी मराठी माणसाच्या रक्तात होत्या. त्या धर्मप्रसाराच्या कामी येतील, हे मात्र परक्या पाद्र्यांच्या ध्यानात येण्यास बराच काळ जावा लागला. ग्रीक भाषेत साक्षी या अर्थाच्या शब्दावरूनच पुढे हुतात्म्याचा शब्द घडला आणि अरबीत शाहिद व शहीद हे एकाच धातूची लेकरे आहेत, यावरून साक्ष आणि दिव्य यांचे सख्य केवळ आपल्याकडचेच नव्हे, असे दिसते.

अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईस उतरले. आगगाडीने बोरघाट ओलांडण्यापूर्वी घाटावर जाणारा माणूस मचव्याने पनवेल बंदरास येई आणि तेथून खोपोलीची वाट धरी. 1831 साली नगर येथे या मिशनने ठाणे दिले, तेव्हा देशाकडे जाण्याचा मुख्य रस्ता या टापूतूनच जात होता. परंतु त्या पिढीचे आवडते हत्यार साक्ष नव्हे, तर वाद. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1831 मध्ये मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद केला, त्यावर मोरभटांनी पुस्तक लिहिले, विल्सनांनी उत्तराचे पुस्तक लिहिले. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातच जन्मलेले विष्णुबावा ब्रह्मचारी 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी वाद घालीत, आणि त्या वादांचेही पुस्तक झाले. वादात दोन्ही पक्षांचे अनुयायी आपापल्या पक्षाचा जय झाला असे मानून घरी जातात. माझ्या मते या सगळ्या वाळूवरच्या शास्त्रार्थाने फारसा कुणी हलला नाही. जो हलला तो आणखी कशाने तरी.

एखाद्याच्या श्रद्धेची जबानी अक्षरशः न्यायासनापुढे येण्याचा पहिला गाजलेला प्रसंग 1839 चा. धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाचा बाप्तिस्मा होताच त्याच्या आप्तांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टातून हेबियस कॉर्पसचा हुकूम आणविला. तरुणाने आपण स्वेच्छेने आलो असे सांगितले, कोर्टाने त्याला मोकळे केले, आणि विल्सनांच्या शाळेतील बहुसंख्य मुले पालकांनी काढून नेली. चार वर्षांनी नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन म्हणून कोर्टाने बापाच्या हवाली केला. मग प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे की नाही यावर ब्राह्मणवर्गात जे रण माजले, त्यात त्याची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही लोकक्षोभ सोसावा लागला. दिव्याची कढई ती हीच. फक्त तेल निराळे.

कोर्टातील जबानी पुस्तकात उतरली ती बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त. बेळगावच्या कासार कुळातला हा मनुष्य 1854 साली बाप्तिस्मा घेतो आणि तीसएक वर्षांनी आपले आत्मचरित्र लिहितो. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत ज्याची गणना होते असे एक पुस्तक मुळात साक्षीचे आहे, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात जितक्या ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही.

पंडिता रमाबाईंची साक्ष 1907 ची. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी आईबापांसह तीर्थे हिंडत, देवळांच्या ओसरीवर पुराण सांगत वाढली. दुष्काळात आईबाप गेले. जन्मभर दुसऱ्यांच्या कथा सांगितलेल्या या बाईने स्वतःची कथा सांगितली, तेव्हा तिच्यात एक असा कबुलीजबाब घातला की जो एखाद्या प्रचारकाने खचित गाळला असता: 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेताना आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो भेटण्यास पुढे सुमारे आठ वर्षे लागली. स्वतःच्याच बाप्तिस्म्याविरुद्ध अशी जबानी देणारा साक्षीदार विरळा. केडगावच्या मुक्तिसदनात 1905 साली जे जागृतीचे वारे सुटले, त्यानंतर तेथील मुलींच्या टोळ्या भोवतालच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगत हिंडल्या.

नारायण वामन टिळकांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आगगाडीत भेटलेला एक अनोळखी युरोपियन त्यांना नवा करार देतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करतो, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी ते खरे होते. टिळकांनी अभंग लिहिले, नगरकडील कृष्णराव सांगळ्यांनी पूर्वीच रुळविलेले ख्रिस्ती कीर्तन पुढे नेले, आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही यावेत अशी त्यांची योजना होती. पण टिळकांपेक्षा मोठा साक्षीदार त्यांच्या घरातच होता. नवरा बाटला म्हणून आकांत करणाऱ्या, काही वर्षे दूर राहिलेल्या, आणि 1900 साली स्वतःच्या पायांनी त्या वाटेवर आलेल्या लक्ष्मीबाईंनी 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध केली, तेव्हा टिळकांचा संताप, विसराळूपणा, हातातला पैसा वाटून टाकण्याची खोड, सारे काही हसत हसत लिहून ठेवले. उलटतपासणीतून निभावलेली साक्ष ती हीच.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ही सारी नावे लेखणी हाती असलेल्यांची आहेत. नगर आणि जालना भागातील खेड्यापाड्यांत ज्यांनी महारवाड्यातून, मांगवाड्यातून उठून चावडीपुढे उभे राहून बोलण्याचे धैर्य केले, त्यांच्या जबान्या मिशनच्या अहवालांत बव्हंशी आकडे होऊन राहिल्या; करीना कुणी लिहून घेतला नाही.

गाळ्यात पुढे आलेला गृहस्थ कारखान्यात बॉयलरवर होता. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना चट्टा. तो वक्ता नव्हता. दारू, कर्ज, घरातली भांडणे, एका रात्री कुणीतरी डोक्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना, असा त्याचा क्रम चालला होता. ‘‘त्या दिवसापासून थेंब घेतला नाही,’’ तो म्हणाला.

‘‘दिवाळीला घेतली होती,’’ मागच्या रांगेतून त्याची बायको म्हणाली.

लोक हसले. तो क्षणभर थांबला, चट्ट्यावरून हात फिरवला, आणि म्हणाला, ‘‘हां, दिवाळीला घेतली. त्याच्या नंतरपासून नाही.’’ आणि मग पुढे सांगू लागला.