पत्त्यातला ‘कॅम्प’

१. ‘बराक, कॅम्प ४, उल्हासनगर’ : परदेशी पत्रमित्राला कळवलेला पत्ता. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी पत्त्यातून कॅम्प आणि बराक गेले नाहीत. इथल्या पोस्टमनला घर सापडतं ते त्यांच्यामुळेच. १९७२ साली पिनकोड आला : कॅम्प ४ साठी ४२१००४, शेजारच्या अंबरनाथला ४२१५०१, बदलापूरला ४२१५०३. परदेशातल्या टपालखात्याला मात्र फक्त देश कळावा लागतो. म्हणून ‘इंडिया’ सर्वांत खालच्या ओळीत, मोठ्या रोमन अक्षरांत लिहायचं. ‘बराक’ हा शब्द आम्ही मुद्दाम तसाच ठेवला आहे. ‘चाळ’ म्हटलं असतं तर छावणीच पुसली गेली असती. — संपादक