अंगणवाडीतील आहार आणि घरचा घास

तीन ते सहा वर्षांच्या बालकाचे जठर लहान असते. परंतु वजनाच्या मानाने त्याची अन्नाची गरज प्रौढांपेक्षा अधिक असते. त्यामुळे दोन वेळच्या जेवणात ती भागत नाही. तीन जेवणे व मधल्या वेळचे दोन अल्पोपहार अशा रीतीने दिवसातून पाच वेळा थोडे थोडे खाणे या वयात आवश्यक ठरते. यांपैकी सकाळचा अल्पोपहार व एक गरम ताजे जेवण देण्याची जबाबदारी शासनाने अंगणवाडीमार्फत स्वीकारली आहे. उरलेल्या तीन वेळा घरावर अवलंबून असतात.

'अंगणवाडी' हा शब्द महाराष्ट्रातून देशभर गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. वस्तीवरील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. या पहिल्या प्रकल्पांत मेळघाटातील धारणीचा समावेश होता. हाच मेळघाट पुढे १९९३ मध्ये बालमृत्यूंमुळे देशभर चर्चिला गेला, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये अंगणवाडीतील आहारातून बालकास दररोज ५०० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरविण्यात आले. २०२३ मध्ये या निकषांत जीवनसत्त्वे व खनिजांचीही भर घालण्यात आली. चार ते सहा वर्षांच्या बालकास दिवसाला सुमारे १,३५० किलोकॅलरी लागतात. म्हणजेच अंगणवाडीतील आहार नियमित मिळाला तरी गरजेचा जवळपास दोन तृतीयांश भाग घरीच भागवावा लागतो.

राज्याच्या आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचा विस्तार २०१६ मध्ये बालकांसाठी करण्यात आला. तीत सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस उकडलेले अंडे, तर अंडे न खाणाऱ्यांना केळी देण्याची तरतूद आहे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात. केळ्यातून ऊर्जा मिळते, मात्र प्रथिने फारच थोडी. त्यामुळे केळी खाणाऱ्या मुलांच्या ताटात डाळ, दूध किंवा दाण्याचे कूट असणे अधिक अगत्याचे आहे.

घरच्या आहारासाठी महागड्या डबाबंद पावडरींची आवश्यकता नाही. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची पेज, चमचाभर तेल किंवा तूप घातलेली मऊ खिचडी, पालेभाजी घालून केलेले थालीपीठ, दाणे-गुळाचा लाडू हे पदार्थ कमी घासांत अधिक ऊर्जा देतात. अख्खे शेंगदाणे मात्र लहान मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असल्याने कुटूनच द्यावेत. जेवणासोबत चहा देण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. चहामुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते, तर लिंबामुळे त्यास मदत होते. बिस्किटे व तळलेल्या वेफर्सची पाकिटे भूक मारतात, पोषण देत नाहीत.

एवढे असूनही राज्यातील चित्र फारसे पालटलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाच वर्षांखालील वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के, तर २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के होते. याचे कारण केवळ अन्नाचा तुटवडा हे नव्हे. वारंवार होणारा अतिसार खाल्लेले अंगी लागू देत नाही. शिवाय दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे नाव गावच्या नोंदवहीत राहते आणि मूल मात्र तेथे नसते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'पोषण ट्रॅकर' प्रणालीत असे नाव दुसऱ्या अंगणवाडीत वर्ग करण्याची सोय आहे. कामाच्या ठिकाणी पोहोचताच पालकांनी तेथील सेविकेकडे मुलाची नोंद करावी व वजन करून घ्यावे. मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. अशा बालकास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.