कपड्यांना ऊन दाखवणं

ज्यानं कोयनेकाठचा पावसाळा काढलाय, त्याला कुबट वास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आमच्या पाटण तालुक्यात मृगानंतर पाऊस एकदा लागला की पोळ्यापर्यंत पाठ सोडत नाही. कपडा धुतला तरी वाळत नाही, आणि ओलसर असतानाच घडी घातली की तिसऱ्या दिवशी त्याला वास मारतो. पांढऱ्या धोतरावर तिळासारखे काळे ठिपके पडतात. ती बुरशी. लढायांच्या तारखा आम्हाला शाळेत पाठ करायला लावल्या, पण घरोघरच्या बाया ह्या वासाशी पिढ्यान्‌पिढ्या कशा झुंजल्या हे कुणी लिहून ठेवलं नाही.

साबणाची वडी गावात सर्रास मिळायच्या आधी कपड्याला राख आणि रिठा असायचा. लाकडाची राख पाण्यात कालवून वरची निवळ घेतली की ते पाणी बोटाला बुळबुळीत लागतं. त्यात खार उतरलेला असतो. त्यात भिजवलेल्या कापडाचा मळही सुटायचा आणि वासही. परटाची रीत ह्याच्याही पुढची. परीट हा बलुतेदार, सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. तो कपडे खाराच्या पाण्यातून काढून पिळायचा, भट्टीवरच्या भांड्याभोवती रचायचा आणि रात्रभर वाफ द्यायचा. सकाळी ओढ्यावर आपटून धुतलेलं ते कापड नाकाला लावलं तर कसलाच वास यायचा नाही. कसलाच वास नसणं हीच तेव्हा स्वच्छतेची खूण होती. आता फुलांचा वास आला म्हणजे कपडा स्वच्छ, अशी समजूत झाली आहे.

घोंगडी मात्र भट्टीत जात नाही. लोकर खाराच्या उकळत्या पाण्यात घातली तर आटते, बिघडते. भिजलेली घोंगडी चुलीच्या वर काठीला टांगायची. तिला धुराचा वास लागायचा, पण कुबट वासापेक्षा तो परवडला.

आणि सगळ्यात मोठा इलाज होता भादव्याच्या उन्हाचा. घट बसायच्या आधी घरातली सगळी वाकळं, गोधड्या, पासोड्या नदीवर धुवायला न्यायच्या. लोक म्हणतात देवीसाठी. देवीसाठी तर आहेच, पण त्यात हिशेब पण आहे. चार महिन्यांची ओल अंथरुणात मुरलेली असते, पाऊस सरत आलेला असतो, ऊन चटका देणारं असतं आणि नदीला पाणी भरपूर असतं. गोधडीला पाच-सहा थर असतात. वरून ती कोरडी लागते पण आतला थर ओला राहतो. म्हणून माझी आई ती दगडावर पसरून दोनदा उलटायची, आणि दुसऱ्या दिवशी परत ऊन दाखवायची. मगच ट्रंकेत वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवायची. वेखंड किडीसाठी. ओल्या कापडाजवळ ठेवलं तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

हे सगळं ज्ञान घेऊन आमची माणसं मुंबईला गेली, पण ऊन बरोबर नेता आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर माझा थोरला भाऊ, आण्णा, साकीनाक्याला एका कारखान्यात लागला. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आत, गल्लीतली गल्ली, दहा बाय बाराची खोली. आधी त्यात आठ जण राहायचे. पुढं वहिनी आल्या, मुलं झाली. खिडकीसमोर दोन हातांवर दुसऱ्याची भिंत. पावसाळ्यात धुणं खोलीतच दोरीवर, डोक्यावर ठिबकणारं. त्याच खोलीत स्वयंपाकाची वाफ, त्याच खोलीत माणसांचे श्वास. हवेलाच ओल, मग कापड वाळणार कुठून?

पुतण्याला वर्गातली मुलं "ओला कुत्रा" म्हणायची. पोरगं तिसरीत होतं. एक दिवस ते शाळेत जायलाच तयार होईना, आणि कारणही सांगेना. वहिनींनी सदरा नाकाला लावला आणि त्यांना समजलं. त्या दिवसापासून त्यांनी गणवेश वेगळा धुवायला घेतला. डब्यात पाणी उकळायचं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, अर्धा तास बुडवून ठेवायचं, घट्ट पिळायचं आणि कोळशाच्या इस्त्रीनं दोन्ही बाजूंनी कोरडं होईपर्यंत शेकायचं. रॉकेल जाळून पाणी तापवणं तेव्हा स्वस्त नव्हतं. मी एकदा म्हणालो, वहिनी, एवढा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, "भावजी, गावाला ऊन फुकट हाय. हितं त्याचंबी भाडं पडतंय."

वहिनी शाळेत फार शिकल्या नाहीत, पण त्या जे करत होत्या ते बरोबर होतं. जपानमध्येही आपल्यासारखाच पावसाचा मोसम असतो आणि तिथंही कपडे घरात वाळवावे लागतात. तिथल्या संशोधकांनी २०१२ साली ह्या वासामागचा एक जंतू दाखवून दिला, त्याचं नाव मोराक्सेला. धुतल्यावरही तो धाग्यात टिकून राहतो. कपडा सावकाश वाळला की तेवढ्या वेळात वाढतो आणि वासाचं आम्ल तयार करतो. म्हणून वाळलेल्या टॉवेलला नुसता घाम लागला तरी वास पुन्हा उठतो. थंड पाणी त्याचं फारसं वाकडं करत नाही, कढत पाणी करतं. परटाची भट्टी तेच करत होती.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विहार आणि पवई तलावांचं पाणी घेऊन येणारी मिठी नदी साकीनाक्याच्या बाजूनंच कुर्ल्याकडं जाते. ती पात्रात मावली नाही. त्याच दिवशी साकीनाक्यात दरड कोसळून कितीतरी माणसं गाडली गेली. त्यापुढं कपड्यांचं दुःख काय सांगायचं, हे मला कळतं. पण जे वाचले त्यांना दुसऱ्या दिवशी अंगात घालायला काहीतरी पाहिजे होतं.

आण्णाच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर राहिला गाळ, कारखान्यांचं तेल आणि गटार. लग्नातला शालू, आईनं शिवलेली गोधडी, मुलांची पुस्तकं, सगळं एका रंगाचं झालेलं. गल्लीतल्या बायांनी एक मोठं पातेलं मिळवलं, गल्लीच्या तोंडाला तीन दगडांवर ठेवलं आणि पाळीपाळीनं प्रत्येक घरचे कपडे सोड्यात उकळले. आधी गाळ साध्या पाण्यानं काढायचा, मग उकळायचं, हा क्रम त्यांनी कुणाला विचारला नाही. शालू उकळता येत नव्हता, तो गेलाच. गोधडीचे टाके वहिनींनी उसवले, थर सुटे केले, वेगवेगळे उकळले आणि पुढं ऊन पडल्यावर पत्र्यावर वाळवून परत शिवले. ती गोधडी अजून आहे. टाके मात्र आता आईचे नाहीत.

पुढं खोली गेली आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. दुसरा मजला. संडास घरात आला, नळ घरात आला, ऊन आलं नाही. २०१४ पासून साकीनाक्याला मेट्रो आहे, ती उंचावरून उन्हातून जाते. सुनेनं वॉशिंग मशीन घेतलं आणि वर्षात मशीनलाच वास यायला लागला. दाराच्या रबरात पाणी साचतं आणि दार बंद ठेवलं की आत बुरशी धरते. वहिनींनी रबर पुसून दार उघडं ठेवायची शिस्त लावली, आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवायची. सून शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालते, त्यानंही फरक पडतो. फक्त ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नये, विषारी वायू निघतो. सुवासिक पाण्याच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. ते म्हणजे न आंघोळता अत्तर लावणं.

जाड अंथरुणाचा प्रश्न मात्र त्या घरात सुटला नाही. म्हणून दरवर्षी गणपती उठले की वहिनी दोन गाठोडी बांधतात आणि कुर्ल्याच्या नेहरूनगर आगारातून पाटणकडं येणाऱ्या कुणाच्या तरी बरोबर पाठवतात. यंदा चार वाकळं, एक सोलापुरी चादर आणि ती गोधडी आली आहे. परवा धुऊन खळ्यावर टाकलीत. रोज दुपारी त्यांचा फोन येतो. माझी तब्येत त्या नंतर विचारतात, आधी विचारतात, "भावजी, पालथी घातली का?"