शिशाच्या आवरणाखालील झडपा

शेवरोले कंपनीने १९२९ सालच्या मोटारींसाठी सहा सिलिंडरांचे इंजिन आणले, तेव्हा चार सिलिंडरांच्या गाडीच्या किमतीत सहा सिलिंडर देणे हा तिचा उघड दावा होता. सिलिंडर एका रांगेत, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, आणि त्यातील खाचदार माथ्याचे बोल्ट चुलीच्या बोल्टांसारखे दिसत असल्याने अमेरिकेत या इंजिनाला ‘स्टोव्हबोल्ट’ हे टोपणनाव पडले. मुंबईशीही त्याचा संबंध आला, कारण शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणी कारखाना काढला आणि १९५४ पर्यंत तेथे शेवरोले गाड्या जोडल्या जात होत्या.

स्पर्धक फोर्डच्या झडपा ब्लॉकच्या कुशीत असत, शेवरोलेच्या मात्र डोक्यावर. खाली ब्लॉकमध्ये फिरणाऱ्या कॅमशाफ्टचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर लोटतो आणि रॉकरचे दुसरे टोक झडप खाली दाबून उघडते. ती मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. या साखळीला झडपयंत्रणा म्हणतात, आणि जुने इंजिन पुन्हा बांधताना तिचे सुटे भाग निवडणे म्हणजे ते भाग कोणत्या सालाचे आहेत हे ओळखणे होय.

१९३७ ते १९५३ या काळातील २१६ घनइंची इंजिनात टॅपेट भरीव असत व रॉकर आणि झडप यांच्यात फिलर गेजने मोजून थोडी फट ठेवावी लागे. १९५० मध्ये पॉवरग्लाइड या स्वयंचलित गिअरबॉक्ससोबत आलेल्या २३५ घनइंची इंजिनात मात्र तेलाच्या दाबाने ही फट स्वतःच भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट बसवले गेले. दोन्ही प्रकार बाहेरून सारखे भासले, तरी भरीव टॅपेटच्या कॅमवर फट हलकेच मिटवणारा लांब चढ घासलेला असतो आणि हायड्रॉलिक टॅपेटच्या कॅमवर तो नसतो, म्हणून एकाचे टॅपेट दुसऱ्याच्या कॅमवर चढवल्यास इंजिन खडखडते. १९५३ च्या कॉर्वेट या शेवरोलेच्याच स्पोर्ट्स गाडीत याच जातीचे इंजिन भरीव टॅपेट, जादा उचल देणारा कॅम, दुहेरी स्प्रिंग आणि तीन कार्ब्युरेटर यांच्या जोरावर १५० अश्वशक्तीपर्यंत पोहोचले. पण त्याचे तेलाभिसरण पूर्णपणे दाबाचे होते. पळीने तेल उडवून बेअरिंगे भिजवणाऱ्या २१६ मध्ये तसाच कॅम घालण्याचा मोह हौशी मंडळींना वारंवार होतो, आणि तो आवरलेलाच बरा.

मात्र निवडीचा खरा पेच झडपेच्या सीटपाशी, म्हणजे मिटलेली झडप जिथे टेकते त्या कडेपाशी आहे. जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने इंजिनाची ठोकर थांबते असे आढळले, आणि १९२३ पासून ते मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. या शिशाचा न मागता मिळालेला लाभ असा की, जळल्यावर त्याच्या क्षारांचा पातळ थर झडप आणि सीट यांच्यामध्ये बसे. हा थर नसला की लालबुंद तापलेली एक्झॉस्ट झडप बिडाला क्षणभर चिकटते, सुटताना कण उपटते, ते कण पुढे पॉलिशपेपरसारखे सीट घासतात, आणि झडप हेडमध्ये खचत गेल्याने टॅपेटची फट मिटत जाते. हे शिसे विषारी आहे याचे इशारे आरंभापासूनच मिळत होते. तरीही भारतात ते संपूर्ण देशातील पेट्रोलमधून १ फेब्रुवारी २००० रोजीच गेले.

सीट खचण्यावर उपाय म्हणून बिडात खाच कोरून तिच्यात कठीण मिश्रधातूची कडी घट्ट ठोकून बसवतात आणि तोंडावर स्टेलाइटचा, म्हणजे कोबाल्ट व क्रोमियमच्या मिश्रधातूचा, लेप दिलेल्या एक्झॉस्ट झडपा घेतात. इनटेक झडपा येणाऱ्या थंड मिश्रणाने निवत असल्यामुळे त्यांना याची सहसा गरज पडत नाही. पण जुन्या हेडच्या भिंती गंजून पातळ झालेल्या असू शकतात, आणि कोरणारे हत्यार पाण्याच्या पोकळीत शिरले तर हेडच वाया जाते. सीट खचणे मुख्यतः दीर्घकाळच्या वेगावर आणि ओझ्यावर अवलंबून असल्याने, अधूनमधून संथ गतीने फिरणाऱ्या गाडीच्या शाबूत सीटना हात न लावता फट वरचेवर मोजत राहणे हाच अधिक शहाणा मार्ग ठरतो. १९२९ च्या पहिल्या स्टोव्हबोल्टच्या काळातही शिशाचे पेट्रोल जादा पैसे मोजूनच घ्यावे लागे, आणि साध्या पेट्रोलवरही ती इंजिने चालतच होती.