पूररेषा

नदीकाठच्या जमिनीवर बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी नकाशावर आखलेली सीमा. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग या रेषा आखतो आणि शहरांच्या विकास आराखड्यात त्या दाखवल्या जातात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे घरे बांधता येत नाहीत. निळ्या व लाल रेषांमधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी मिळते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निर्धास्त, असा मुळीच नाही. दरवर्षी १ टक्का शक्यता, एवढाच तो अर्थ. तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता त्यामुळे सुमारे २६ टक्के होते, आणि गृहकर्ज फेडायला अनेकदा वीस-तीस वर्षे लागतात! घर घेणाऱ्याला हे आधी कळायलाच हवे.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर पोहोचली. २०२१ च्या जुलैत दोन्ही शहरांत पुन्हा महापूर आला.

जुन्या नोंदींवर आखलेली रेषा कायमची धरता येत नाही. भराव, पुलांचे जोडरस्ते आणि बुजवलेले ओढे पाण्याची वाट अडवतात, पातळी वाढते आणि रेषेबाहेरची घरेही पाण्यात जातात.