सुटलेला कैदी आणि त्याचा पाठीराखा



माणसाला तुरुंगात कसे घालावे, याचे शास्त्र जगात फार पुरातन आहे. त्याला बाहेर कसे आणावे आणि बाहेर आल्यावर त्याच्याशी कसे वागावे, हे शास्त्र मात्र पुरते दोनशे वर्षांचेही नाही. या कोवळ्या शास्त्राचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. हमालांच्या आणि कंत्राटी कामगारांच्या संघटनेत माझी उमेदीची वर्षे गेली. जे वाचले ते दिवसाची कामे उरकल्यावर, रात्री वाचले. परंतु कामगार चळवळीतल्या माणसाला या विषयात शिरावेच लागते. तुरुंगातून सुटलेला माणूस प्रथम मागतो ते काम, आणि ते मागायला तो अशा जागी येतो जेथे कोणी दाखला विचारीत नाही. गोदामावर येतो, बाजाराच्या धक्क्यावर येतो, बांधकामावर येतो.

आरंभीच एक शब्द स्पष्ट करतो. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजा. १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनी कैद्याला दोन प्रकारच्या रजा दिल्या. एक संचित रजा, दुसरी अभिवचन रजा. कैदी काही दिवस घरी जातो आणि परत आत येतो. इंग्लंड-अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे शिक्षेचा उरलेला काळ कैदी तुरुंगाबाहेर, कोणाच्या तरी देखरेखीखाली काढतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘दिलेला शब्द’ एवढाच आहे. आता, कैद्याने शब्द दिला; तो पाळायला त्याला मदत कोण करणार? आणि जो मदत करणार, त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? इतिहासात मी या दोन प्रश्नांची उत्तरे शोधीत गेलो. त्यांतला दुसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून तोच आज मुख्य धरतो.

या इतिहासाचा पहिला पुरुष म्हणजे अलेक्झांडर मॅकोनॉकी. हा स्कॉटलंडचा, आरमारातला कप्तान. फ्रेंचांशी झालेल्या युद्धात तो स्वतः युद्धकैदी होता, तेव्हा कोठडीची चव त्याला ठाऊक होती. १८४० साली ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस दूर समुद्रात असलेल्या नॉर्फोक बेटावरील कैद्यांची वसाहत त्याच्या हाती आली. फटक्यांसाठी कुप्रसिद्ध असलेली ती जागा होती. मॅकोनॉकीने गुणांची पद्धत काढली. शिक्षा वर्षांत मोजायची नाही. काम आणि वर्तन यांचे गुण मिळवायचे, ठरलेली बेरीज झाली की सुटका. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राणीच्या वाढदिवशी त्याने कैद्यांना दिवसभर मोकळे सोडले, जेवण दिले, आणि संध्याकाळी सारे आपापल्या जागी परतले. एवढ्या विश्वासाचा सरकारला राग आला. १८४४ साली त्याला तेथून हलविले. त्याच्या मागे कोणी उभे नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्याचा विचार उचलला तो आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन याने. १८५४ साली तो तेथल्या तुरुंगांचा प्रमुख झाला. त्याने शिक्षेच्या पायऱ्या केल्या. आधी एकांत, मग सक्तमजुरी आणि गुण, आणि सुटकेपूर्वी मधला तुरुंग. डब्लिनजवळ लस्क येथे उघड्या माळावर लोखंडी झोपड्या होत्या, पहारेकरी मोजके आणि निःशस्त्र. कैदी जमीन लागवडीस आणीत. डब्लिन शहरातल्या स्मिथफील्ड येथेही असाच मधला तुरुंग होता, आणि तेथे जेम्स ऑर्गन नावाचा एक मास्तर होता. मजुरांच्या रात्रशाळेत शिकविणारा हा माणूस संध्याकाळी कैद्यांना व्याख्याने देई. मजुरी, परदेशगमन, बाहेरच्या जगाचे व्यवहार हे त्याचे विषय. आपल्या या मालेसारखीच एक व्याख्यानमाला त्याने तुरुंगात चालविली म्हणा ना!

क्रॉफ्टनने या मास्तराला सुटलेल्या कैद्यांचा निरीक्षक नेमले. ऑर्गन डब्लिनमधल्या मालकांचे उंबरठे झिजवी, नकार पचवी, पुन्हा जाई. काम मिळालेल्या माणसाच्या घरी दर पंधरवड्याला फेरी मारी, काम टिकले की नाही ते पाही. काही मालक पुढे आपण होऊन आणखी माणसे मागू लागले. ऑर्गनची चिकाटी मोठी खरी. पण त्याला नेमणूक होती, पगार होता, आणि त्याचा वरिष्ठ त्याच्या कामाची किंमत जाणत होता. मॅकोनॉकीला जे मिळाले नाही ते ऑर्गनला मिळाले. मात्र हे शहरापुरतेच होते. डब्लिनबाहेर सुटलेल्या कैद्याने पोलीस ठाण्यात नोंद करायची होती. एकाच देशात, एकाच काळी देखरेखीच्या दोन रीती चालू होत्या. एका रीतीत निरीक्षक कैद्याच्या घरी जाई, दुसरीत कैदी ठाण्यावर जाई.

दुर्दैवाने पुढे दुसरी रीत जास्त पसरली. इंग्लंडमध्ये १८५३ पासून कैद्यांना सुटीचे परवाने मिळत, पण देखरेख म्हणावी अशी नव्हती. १८६२ साली लंडनमध्ये रस्त्यात माणसांना गळा आवळून लुटल्याचे प्रकार झाले, एक खासदारही त्यात सापडला. वर्तमानपत्रांनी परवान्यावर सुटलेल्यांना दोषी ठरविले. १८६४ साली कायदा झाला, आणि त्यांना दरमहा पोलिसांपुढे हजर राहणे आले.

आयर्लंडची कीर्ती आपल्या देशापर्यंतही आली होती. त्या पद्धतीचा पुरस्कार करणारी मेरी कार्पेंटर १८६६ साली मुंबईस उतरली. तिने येथले तुरुंग पाहिले आणि मुलांसाठी वेगळ्या सुधारशाळांचा आग्रह धरला. १८७६ साली तशा शाळांचा कायदाही झाला. पण त्याच्या आधीच, १८७१ साली, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. १९११ साली तो मुंबई इलाख्यासही लागू करण्याची वाट मोकळी झाली. ज्यांनी काही गुन्हा केला नाही, अशा माणसांवर केवळ जन्मामुळे हजेरी लादली गेली. सोलापुरात तारांच्या कुंपणात त्यांची वसाहत झाली. हा कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. परंतु आपल्या भाषेत ‘हजेरी’ या शब्दाला जो एक धाक चिकटला आहे, तो कायद्याबरोबर गेला नाही. देखरेख म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी ठाणे येते, मग मास्तर.

आता दोन कारागिरांची गोष्ट. बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट तयार करणारा चांभार होता. १८४१ च्या ऑगस्टमध्ये तो न्यायालयात बसला असता एका दारुड्याला पुढे आणले. ऑगस्टसने त्याचा जामीन घेतला. तीन आठवड्यांनी माणूस शुद्धीवर, नीटनेटका असा न्यायाधीशापुढे उभा राहिला. न्यायाधीशाने तुरुंग टाळून एक सेंट दंड केला. खर्चासह सारी रक्कम झाली ३ डॉलर ७६ सेंट, आणि ती तेथेच भरली. १८५८ पर्यंत ऑगस्टसने १,९४६ स्त्रीपुरुषांना असा जामीन दिला. कोणाला घरात ठेवले, कोणाला काम शोधून दिले. तुरुंगाचे कर्मचारी त्याच्यावर नाराज असत, कारण आत गेलेल्या प्रत्येक माणसामागे त्यांना फी मिळे. ऑगस्टसला पगार नव्हता. धंदा बसला, लोकांच्या देणग्यांवर काम चालले, आणि १८५९ साली तो वारला. ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तो राबला, तेथे या कामासाठी पगारी माणूस नेमण्याचा कायदा १८७८ साली झाला.

इंग्लंडमध्येही आरंभ एका कामगारापासूनच झाला. फ्रेडरिक रेनर हा छापखान्यात काम करणारा. १८७६ साली त्याने मद्यपानविरोधी संस्थेला पत्र लिहिले, सोबत पाच शिलिंग पाठविले, आणि न्यायालयात येणाऱ्या गोरगरिबांसाठी काही करा अशी विनंती केली. त्यातून पोलीस कोर्टातले सेवक उभे राहिले. १९०७ साली त्या कामाला कायद्याचा आधार मिळाला, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचे कर्तव्य असे ठरले की त्याने सल्ला द्यावा, साहाय्य करावे आणि मैत्री करावी. १९१२ साली या अधिकाऱ्यांनी आपली संघटनाही बांधली. चांभार, छापखान्यातला कामगार आणि रात्रशाळेचा मास्तर, असे हे या शास्त्राचे आद्य आचार्य आहेत. आपण हे अभिमानाने सांगावे.

परंतु अभिमानावर संस्था चालत नाही. पगारी माणसे आली, तसा त्यांच्यावर वरिष्ठ आला. हा वरिष्ठ कसा असावा? आल्फ्रेड कदुशिन या समाजकार्याच्या अभ्यासकाने १९७६ साली त्याची तीन कामे सांगितली. पहिले कारभाराचे : काम नेमून देणे, हिशेब घेणे. दुसरे शिकविण्याचे. तिसरे धीर देण्याचे. आमच्या हमालांच्या भाषेत सांगायचे, तर पहिले काम मुकादमाचे, दुसरे उस्तादाचे आणि तिसरे घरच्या वडीलधाऱ्याचे. मुकादम पोती मोजतो. उस्ताद पोते पाठीवर कसे घ्यावे ते दाखवितो. वडीलधारा माणूस संध्याकाळी विचारतो, “बाबा, आज पाठ दुखते का?” जो समुपदेशक दिवसभर दारूची, मारहाणीची, तुटलेल्या संसाराची कहाणी ऐकतो, त्याचीही पाठ दुखते. ती दिसत नाही इतकेच. त्याला कोणी विचारले नाही, तर काही काळाने तो ऐकणे सोडतो आणि नोंद करू लागतो.

कोणी म्हणेल, माणसे वाढवा म्हणजे झाले. कॅलिफोर्नियात १९५३ पासून हे करून पाहिले. काही अधिकाऱ्यांकडे थोडी माणसे दिली, आणि आरंभी तरी फारसा फरक पडला नाही. १९९३ साली अमेरिकेतील नऊ राज्यांतल्या चौदा ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कडक, जवळच्या देखरेखीमुळे नवे गुन्हे कमी झाले नव्हते. मात्र अटी मोडल्याची प्रकरणे अधिक पकडली गेली आणि माणसे अधिक संख्येने परत आत गेली. जेथे देखरेखीला उपचारांची जोड होती, तेथे चित्र बरे होते. अर्थ उघड आहे. अधिकाऱ्याला मुकादमाचेच शिक्षण दिले, तर हाताखाली पंधरा माणसे असोत की नव्वद, तो मोजणीच करील.

इंग्लंडने दुसरा प्रयोग केला. २०१४ साली तेथल्या सरकारने ही सेवा दोन तुकड्यांत फोडली. फार धोक्याची माणसे सरकारकडे ठेवली, बाकीची एकवीस खाजगी कंपन्यांकडे दिली. मोबदल्याचा एक भाग निकालावर ठरणार होता. अधिकाऱ्यांच्या संघटनेने आधीच विरोध केला होता. तपासणी झाली तेव्हा काही ठिकाणी दीड-दीड महिन्यातून एक फोन, एवढीच देखरेख उरल्याचे आढळले. ऑर्गनची पंधरवड्याची घरफेरी कोठे, आणि हा फोन कोठे! २०२१ च्या जूनमध्ये सारी सेवा पुन्हा सरकारी झाली. कंत्राटाने काय होते, ते या सभेतल्या कामगारांना मी सांगण्याची गरज नाही.

आता आपले घर पाहू. मुंबई प्रांताने परिवीक्षेचा कायदा १९३८ सालीच केला होता. त्या आधी १९३६ साली मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा निघाली. १९३९ साली औंध संस्थानाने आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत वसविली, तिचे नाव स्वतंत्रपूर. १९५८ साली देशाचा कायदा झाला. परिवीक्षा अधिकाऱ्याने देखरेख करावी आणि जरूर तेथे योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करावा, असे त्याच्या चौदाव्या कलमात लिहिले आहे. म्हणजे ऑगस्टस आणि ऑर्गन यांचे काम आपल्या कायद्यात अक्षरशः आलेले आहे. १९९० पासून टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प मुंबईत कैद्यांसाठी आणि सुटलेल्यांसाठी काम करीत आला आहे. बीज आहे, जमीनही आहे.

स्वतंत्रपुराच्या कल्पनेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. ग. दि. माडगूळकरांनी तो लिहिला. सहा खुन्यांवर विश्वास टाकणारा जेलर आपण पाहिला, आणि शेवटी तो बैलांच्या झुंजीत प्राण देतो तेव्हा आपले डोळेही भरून आले. चित्रपट थोर आहे, यात शंका नाही. पण मी कामगार चळवळीतला माणूस, मला रडून झाल्यावर एक प्रश्न सुचतो. त्या जेलरच्या मागे कोण होते? तो गेल्यावर ते बारा हात कोणी धरले? एकट्याच्या बलिदानावर आपण टाळ्या वाजवितो आणि घरी जातो; त्या जागी दुसरा माणूस, त्याचा पगार, त्याचे शिक्षण आणि त्याला धीर देणारा वरिष्ठ यांची सोय लावायची राहून जाते. मॅकोनॉकीचे हेच झाले, ऑगस्टसचेही हेच झाले.

तेव्हा माझी मागणी थोडी आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याला आणि तुरुंगाबाहेर राबणाऱ्या समुपदेशकाला आपण कामगार म्हणून ओळखावे. त्याच्याकडे किती माणसे असावीत, याची मर्यादा ठरावी. त्याच्या वरिष्ठाला केवळ अहवाल मागण्याचे नव्हे, शिकविण्याचे आणि ऐकण्याचे शिक्षण मिळावे, आणि त्यासाठी आठवड्यातला काही वेळ राखून ठेवावा. तो वेळ कामातच धरावा, कामाबाहेर नव्हे. आणि आपल्यापैकी ज्यांचे दुकान आहे, कारखाना आहे, त्यांच्या दाराशी उद्या असा एखादा अधिकारी सुटलेल्या माणसासाठी काम मागत आला, तर त्याला निदान बसायला सांगावे, आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. डब्लिनच्या मालकांनीही आरंभी नकारच दिला होता.